तारण मिळवायला ‘तारण’ ठेवावं लागतं का? धावण्याच्या शर्यतीतून समजून घेऊ ख्रिश्चन धर्मातली ‘कृपा’

पहाटेचे साडेपाच. ओहोटी लागलेली. सातपाटी-शिरगावच्या किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट झालेली असते आणि त्या वाळूवर पोरं धावत असतात. पोलीस भरतीची पोरं. एक जण कडेला उभा, हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच चालू.

भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण २० गुण. त्यानंतर वेळ वाढत गेली की गुण कमी होत जातात. म्हणजे शेवटच्या वळणावर पाय जरा जड झाला तरी त्याची किंमत मेरिट लिस्टमध्ये दिसते.

माझा एक मित्र याच वाळूवर तीन वर्षं धावला. वडील बोटीवर खलाशी, आई मासे विकते. तिसऱ्या भरतीत तो एका गुणाने राहिला. त्याच्या सरावाच्या ग्रुपमध्ये वसईचा एक ख्रिस्ती मुलगा होता. समजूत काढायला तो म्हणाला, “देव काय टायमिंग बघून घेत नाही रे. आमच्यात तर म्हणतात, माणूस चांगल्या कामांच्या जोरावर वाचत नाही, विश्वासाने वाचतो.”

मित्र आधीच वैतागलेला. त्याने फाडकन विचारलं, “मग चर्चकडून गरिबांना जेवण कशाला वाटता? बसा की घरी.”

प्रश्न रास्त होता. हाच प्रश्न जगभरातले ख्रिस्ती लोक दोन हजार वर्षं एकमेकांना विचारतायत. त्यावरून युरोपात चर्च फुटलं आणि पुढे रक्तही सांडलं. तर हा नेमका प्रकार काय आहे, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी ‘तारण’ हा शब्द बघू

मराठी बायबलमध्ये पापातून आणि मरणातून होणाऱ्या सुटकेला ‘तारण’ म्हणतात. तारणारा म्हणजे येशू. पण आपण हा शब्द रोज कुठे वाचतो? बँकेच्या आणि पतपेढीच्या पाटीवर. सोने तारण कर्ज.

तिथे हिशोब सरळ आहे. आधी काहीतरी गहाण ठेवा, मग पैसे मिळतील. दागिना नसेल तर बँक दारातूनच परत पाठवते.

बहुतेकांना धर्माचा हिशोबही असाच वाटतो. उपवास, दान, तीर्थयात्रा, सेवा हे सगळं देवाकडे जमा करायचं आणि त्या बदल्यात स्वर्ग घ्यायचा. चांगल्या कामांचं पारडं जड झालं की काम झालं.

ख्रिस्ती शिकवण इथे अडवते. ती सांगते की देवाकडे गहाण ठेवता येईल असं माणसाजवळ काहीच नाही. त्याने केलेलं सगळं चांगलं एकत्र केलं तरी ते पुरत नाही. म्हणून देव तारण फुकट देतो. या फुकट देण्याला म्हणतात ‘कृपा’ आणि ते हात पुढे करून घेण्याला म्हणतात ‘विश्वास’. इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हे अगदी थेट येतं: हे देवाचं दान आहे, तुमच्या कर्माचं फळ नाही, त्यामुळे कुणीही त्याची फुशारकी मारू नये.

मग बायबलमध्ये इतकी धावाधाव कशी?

गंमत अशी की ज्या माणसाने हे सगळ्यात ठासून सांगितलं, त्यालाच धावण्याच्या उपमा फार आवडायच्या. त्याचं नाव पौल. पहिल्या शतकातला हा ज्यू माणूस सुरुवातीला येशूच्या अनुयायांना पकडून तुरुंगात टाकत होता आणि नंतर स्वतःच त्याचा सगळ्यात मोठा प्रचारक झाला.

पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे. ऑलिंपिकसारखीच ही मोठी स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळायचा आणि तो काही दिवसांत सुकून जायचा. करिंथच्या लोकांना पत्र लिहिताना पौलाने नेमकी हीच गोष्ट उचलली. ते खेळाडू सुकणाऱ्या मुकुटासाठी एवढा सराव करतात, तर आपण न सुकणाऱ्या मुकुटासाठी किती शिस्तीने धावायला हवं, असं तो विचारतो.

फिलिप्पैच्या मंडळीला लिहिताना तो मागचं विसरून पुढच्या खुणेकडे झेपावणाऱ्या धावपटूसारखा बोलतो. त्याच्या नावे असलेल्या तिमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, आपली धाव पूर्ण झाली असं समाधान आहे.

हे वाचून कुणालाही वाटेल की तारण ही शर्यतच आहे. जोरात धावा आणि मिळवा.

पण याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात उलटं विधान केलंय. देवाने कुणाला जवळ करावं, हे कोण किती इच्छा करतो किंवा कोण किती धावतो यावर ठरत नाही, देवाच्या दयेवर ठरतं, असं तो म्हणतो. इथे त्याने मुद्दाम ‘धावणारा’ हाच शब्द वापरलाय.

मग पौल स्वतःचंच म्हणणं खोडतोय का?

बिबचं गणित

मॅरेथॉन पळालेल्यांना ‘बिब’ माहीत असतो. छातीवर लावायचा नंबरचा कागद. बिब शर्यतीच्या आधी मिळतो. त्यासाठी टायमिंग द्यावं लागत नाही, फक्त फी भरलेली असावी लागते.

आता समजा तुमच्याकडे फी भरायला पैसेच नाहीत आणि कुणीतरी तुमच्या नावाने ती भरून टाकली. बिब तुमच्या हातात आला. आता तुम्ही धावणार. पण बिब मिळावा म्हणून नाही, मिळालाय म्हणून.

पौलाचं म्हणणं साधारण असं आहे. ख्रिस्ती समजुतीनुसार येशूने क्रुसावर मरून ही फी भरली. ती दुसऱ्यांदा भरायची गरज नाही आणि भरू म्हटलं तरी आपल्याला परवडणार नाही. त्यानंतरची धाव, म्हणजे शिस्त, सेवा आणि चांगलं वागणं, ही मिळालेल्या गोष्टीला दिलेली दाद आहे. कृपा आणि धाव या दोन्ही गोष्टी पौलाला हव्यात. त्याचा सगळा आग्रह आधी काय आणि नंतर काय यावर आहे.

अर्थात ही उपमा एका जागी लंगडी पडते. मॅरेथॉनमध्ये बिब असूनही शर्यत पूर्ण केली नाही तर मेडल मिळत नाही. तिथे शेवटी पायच कामाला येतात. पौल सांगतो ती कृपा पडलेल्याचा हात सोडत नाही.

पण विश्वास ठेवणं हेही एक कामच झालं ना?

हा प्रश्नही जुना आहे. याचं उत्तर सातपाटीतल्या माणसाला वसईच्या फादरइतकंच चांगलं कळेल, कारण ते समुद्रातलं आहे.

येशूच्या पहिल्या शिष्यांपैकी काही जण गालील सरोवरात मासेमारी करणारे होते. पेत्र त्यातलाच. मत्तयच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. रात्री नाव वादळात सापडलेली असते. येशू पाण्यावरून चालत येतो आणि पेत्र त्याच्याकडे पाण्यावरून निघतो. वारा बघून तो घाबरतो, बुडायला लागतो आणि ओरडतो. येशू लगेच हात पुढे करून त्याला धरतो.

पेत्राने इथे काय कमावलं? काहीच नाही. तो तर बुडत होता. त्याने फक्त हाक मारली.

खोल समुद्रात कुणी बोटीवरून पडला आणि त्याच्याकडे दोर फेकला, तर तो दोर धरतो. वर आल्यावर तो ‘मी माझ्या पकडीच्या जोरावर वाचलो’ असं सांगत फिरत नाही. त्याला दोर फेकणारा आठवतो. ख्रिस्ती विचारात विश्वास म्हणजे दोर धरणारी ती मूठ. तिच्यामुळे वाचवणाऱ्याची मेहनत आपल्या खात्यात जमा होत नाही.

महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी साक्ष: पंडिता रमाबाई

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच मातीतलं एक आयुष्य बघू.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी मुलीला संस्कृत शिकवलं, जे त्या काळात पाप समजलं जायचं. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पायी फिरायचं, देवळांत पुराणं वाचायचं. स्नानं, उपवास, दानधर्म सगळं शास्त्राप्रमाणे. जवळचे पैसे पुण्यासाठी खर्च होत गेले. मग १८७० च्या दशकात दुष्काळ आला आणि काही काळातच आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास त्यानंतरही चालत राहिले, देशभर, हजारो मैल.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता बघून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, पण १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात लहान मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपली असं आपल्याला वाटतं. त्यांनी स्वतः मात्र वेगळं लिहून ठेवलंय. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. नियम बदलले, प्रार्थना बदलल्या, पण मनातली धाव तीच राहिली. आपण पुरेसं केलं का, हा प्रश्न सुटेना. जवळपास आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की हे कमवायचं नसतंच, जशी आहे तशी येऊन घ्यायचं असतं.

मग त्या स्वस्थ बसल्या का?

मुंबईत १८८९ मध्ये सुरू केलेलं शारदा सदन पुढे पुण्यात आलं होतं. या सदनातल्या धर्मांतराच्या मुद्द्यावरून १८९० च्या दशकात पुण्यात मोठा वाद पेटला. ‘केसरी’ने त्यांच्यावर कडक टीका केली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद खरा होता आणि त्याची चर्चा आजही होते. पण काम थांबलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार बायका-मुलींना शेकड्यांनी घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. ते केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं.

लहानपणीचं चालणं पुण्य कमवायला होतं. दुष्काळातलं फिरणं कमवायला नव्हतं. माझ्या मित्राच्या “बसा की घरी” या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलं नाही.

वसईचे कॅथलिक आणि ल्यूथर: भांडण कशावरून?

२०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. जिल्ह्यातली ख्रिस्ती वस्ती मुख्यतः वसई तालुक्यात आहे आणि ती बहुतांश कॅथलिक आहे. तिची मुळं पोर्तुगीज काळात, म्हणजे १५३४ ते १७३९ या दोन शतकांत. ‘फक्त विश्वासाने तारण’ ही घोषणा मात्र कॅथलिकांची नाही. ती प्रोटेस्टंटांची.

१५१७ मध्ये जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथर या संन्याशाने चर्चला आव्हान दिलं. पैसे भरून पापाची शिक्षा माफ करून घेण्याची दंडमाफीपत्रं तेव्हा विकली जात होती. ल्यूथर स्वतः उपास-तापास करून थकलेला माणूस होता. पौलाची पत्रं वाचताना त्याला उमगलं की देव माणसाला नीतिमान ठरवतो तो फक्त विश्वासामुळे.

कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं. सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, ती कमावता येत नाही, हे त्यांनीही मान्य केलं. पण माणूस त्या कृपेला साथ देतो, प्रीती आणि सत्कृत्यांनी त्यात वाढत जातो, म्हणून नुसता विश्वास म्हणू नका, असं त्यांचं म्हणणं. आधाराला त्यांच्याकडे याकोबाचं पत्र होतं. त्यात स्पष्ट म्हटलंय की कृतीशिवाय विश्वास मेलेला असतो.

पुढे साडेचारशे वर्षं दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथेरन जागतिक संघटनेने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा सार असा: देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या गुणांमुळे नाही, कृपेने आणि ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आणि ही कृपाच आपल्याला चांगल्या कामांसाठी तयार करते. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण ‘आधी कृपा’ यावर दोघांचं जमलं.

म्हणजे किनाऱ्यावरचा तो वसईचा मुलगा बरोबर होता. फक्त त्याचे फादर त्या वाक्याला पुढे एक ओळ जोडतील.

मग गुन्हेगारांची चंगळच झाली की

ही शंका सगळ्यात बोचरी आहे. आयुष्यभर लोकांना लुबाडा आणि शेवटच्या क्षणी विश्वास ठेवा?

बायबल हा प्रश्न टाळत नाही. येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या एका गुन्हेगाराने मरताना त्याला हाक मारली आणि त्याला स्वर्गाचा शब्द मिळाला, असं लूक सांगतो. त्या माणसाकडे चांगलं काम करायला ना वेळ होता, ना मोकळे हात.

पण कृपेचा सवलत म्हणून वापर करणाऱ्यांना ख्रिस्ती विचारवंतांनीच फटकारलंय. जर्मन पाद्री डीट्रिश बॉनहोफर याने १९३७ मध्ये अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. पश्चात्ताप नको, बदल नको, नुसती माफी हवी. त्याचं म्हणणं होतं की माणसाला कृपा फुकट मिळते, पण ती हलकी नसते, कारण देवाने तिची किंमत मोजलेली असते. हा माणूस हिटलरविरुद्ध उभा राहिला आणि एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी त्याला फाशी दिली.

हे आपल्याला अगदीच परकं आहे का?

नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये हाच वाद माकड आणि मांजर यांवरून झाला. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं. मांजर मात्र पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लू काहीच करत नाही. भक्त माकडाच्या पिल्लासारखा की मांजरीच्या, यावर त्यांचे दोन पंथ पडले.

वारकऱ्यांकडे तर विठ्ठल माऊलीच आहे आणि पतितपावनही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तर पीएचडीच तुकाराम महाराजांच्या देवानुभवावर केली. दोन्ही परंपरा एकच आहेत असं याचा अर्थ नाही. येशूचं क्रुसावरचं मरण ही ख्रिस्ती कृपेची खास जागा आहे, ती वारीत नाही. पण ‘माझ्याने होत नाही, तूच ये’ ही हाक मराठी माणसाला नवी नाही.

शर्यत न पूर्ण झालेला धावपटू

३ ऑगस्ट १९९२, बार्सिलोना ऑलिंपिक. ४०० मीटरची उपांत्य फेरी. ब्रिटनचा डेरेक रेडमंड अर्ध्या वाटेत मांडीचा स्नायू फाटून खाली बसला. मग उठून एका पायावर लंगडत निघाला. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक माणूस सुरक्षारक्षकांना बाजूला करत ट्रॅकवर आला. त्याचे वडील, जिम. मुलगा त्यांच्या खांद्यावर रडला आणि दोघं मिळून शेवटच्या रेषेपर्यंत गेले.

अधिकृत निकालात डेरेकची शर्यत पूर्ण झालेली नाही. मदत घेतली की नियमाने बाद. नियम चूक नव्हता, शर्यतीला नियम लागतातच. पण वडील ट्रॅकवर उतरले ते टायमिंग बघून नाही.

भरतीलाही गुण लागतात आणि लागायलाच हवेत. ख्रिस्ती शिकवण स्टॉपवॉच फेकून द्या म्हणत नाही. ती एवढंच सांगते की त्यावरचा आकडा तुमची नोकरी ठरवू शकतो, तुम्ही कुणाचे आहात ते नाही. हे पटायला ख्रिस्ती असावं लागतं का, ते ज्याने त्याने ठरवावं.

माझा मित्र परत धावायला लागलाय. वयाची अट अजून दोन वर्षं आहे. हा लेख लिहिताना त्याला विचारलं, त्या वसईच्या पोराचं म्हणणं आता पटतं का? तो म्हणाला, “देवाचं माहीत नाही. पण मी एका मार्काने राहिलो त्या रात्री घरी गेलो, तर आईने न विचारता ताट वाढलं. टायमिंग दुसऱ्या दिवशी विचारलं.”